चांदीचं क्रीम रोज लावतोय तरी भाजलेली जखम ओलीच राहतेय? आधी हे तपासा

फार्मसीच्या काउंटरवर ही तक्रार बारा महिने येते, फक्त भाजायचं कारण बदलतं. एप्रिल-मे मध्ये काजू भाजताना नाहीतर भट्टीवर हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, काढताना वाफ लागून, गणेश चवथीला नेवऱ्या तळताना तेल उडून, दिवाळीत नरकासुराच्या रात्री फटाक्याने, आणि वर्षभर न चुकता स्कूटरचा सायलेन्सर पोटरीला चिकटून. माणूस भाजल्या दिवशी येत नाही. आठ-दहा दिवस घरचे उपाय करून मग येतो, मोबाईलवर जखमेचा फोटो काढून आणलेला असतो आणि म्हणतो, "ताई, रोज दोनदा लावतोय, ट्यूब संपत आली तरी वर पांढरं-पिवळं येतंच आहे, पू झाला वाटतं, ह्याच्यापेक्षा स्ट्राँग काही आहे का?"

स्ट्राँग काही नको असतं हो. बहुतेक वेळा क्रीम बरोबरच असतं, पण एक तर जुना थर धुवून न काढता त्याच्यावरच नवीन थापलेला असतो, नाहीतर जखम स्वच्छ होऊन गेली तरी क्रीम चालूच असतं, नाहीतर ज्या जखमेवर ते लावायचंच नाही तिथे लावलेलं असतं. ह्यातलं बरंचसं घरी बसून तपासता येतं म्हणून सविस्तर लिहितेय. डॉक्टरला दाखवायचं सोडून हे वाचत बसू नका, कधी दाखवायचं तेही खाली आहेच.

पहिलं काम म्हणजे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. सिल्वर सल्फाडायझिन १ टक्का असं लिहिलेलं असेल तर मी ज्याच्याबद्दल बोलतेय ते हेच. काहींमध्ये सोबत क्लोरहेक्सिडिन असतं. काही जेल अशी असतात की त्यात चांदी आहे पण सल्फा नाही, सिल्वर नायट्रेटवाली वगैरे, त्यांचे नियम थोडे वेगळे. आणि बरनॉल हे चांदीचं क्रीमच नाही. गिऱ्हाईक "बरनॉल द्या" म्हणतं आणि मनात चांदीचं असतं, किंवा उलट, आणि घरी दोन्ही ट्यूबा असल्या की आलटून पालटून लावतात. ती पिवळी ट्यूब वेगळी, ही पांढरी वेगळी, दोन्ही मिळून काही जास्त फायदा होत नाही.

ह्या पांढऱ्या क्रीममध्ये दोन औषधं एकत्र बांधलेली आहेत. चांदीचे आयन हळूहळू सुटतात आणि जंतूच्या बाहेरच्या आवरणावर आणि आत डीएनएवर हल्ला करतात, आणि सल्फाडायझिन हे जुनं सल्फा औषध जंतूला वाढायला लागणारं फोलेट बनवू देत नाही. त्याच्या आधी, १९६० च्या दशकात, मोठ्या भाजलेल्या पेशंटना सिल्वर नायट्रेटच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या ठेवायचे, त्याने चादरी, कपडे, जमीन सगळं काळं व्हायचं. मग १९६८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझिन एकत्र करून हे आणलं. मुद्दा काय, हे मोठ्या, खोल, घाण होऊ शकणाऱ्या भाजण्यात जंतू, खास करून स्यूडोमोनास, रोखायला बनवलेलं औषध आहे. कातडी नवीन आणायला बनवलेलं नाही. आपण मात्र घरी ते जखम भरायचं क्रीम म्हणून वापरतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आता तो पांढरा-पिवळा थर. क्रीम लावल्यावर जखमेतून जे पाणी पाझरतं ते क्रीममध्ये मिसळतं आणि वर पिवळसर-राखाडी, बुळबुळीत, साईसारखा एक थर जमतो. दिसायला अगदी पू. हा पू नसतो. औषध आणि पाझर मिळून झालेली खोटी खपली आहे ती, डॉक्टर लोक पण तिला खोटीच म्हणतात. ओळखायचं कसं, तर उकळून थंड केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये गॉझ बुडवून त्या थरावर पाचेक मिनिटं नुसतं ठेवा, मग हलक्या हाताने एका बाजूला पुसा. थर सुटून आला आणि खाली गुलाबी-लाल, चमकणारी, हात लावला की झोंबणारी जागा दिसली तर ती जखम ठीक चालली आहे. पुसल्यावर पण खालून परत दाटसर पिवळं-हिरवं येत असेल, घाण वास असेल, कडेची कातडी लाल, गरम, सुजलेली असेल आणि ती लाली रोज पुढे सरकत असेल तर मग ते इन्फेक्शन, आणि तिथे क्रीम बदलून काही होणार नाही, दाखवायलाच पाहिजे. मी काउंटरवर एक सोपी गोष्ट सांगते, लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी बघा लाली रेघेच्या बाहेर गेली का. पेनाची रेघ चांगल्या कातडीवर मारायची हं, जखमेत नाही.

हा थर काढला नाही तर तीन त्रास होतात. एक म्हणजे नवीन औषध खाली पोचतच नाही, थरावरच बसतं. दुसरं, थराखाली ओल कोंडते आणि कडेची चांगली कातडी पांढरी, सुरकुतलेली, भिजून फुगल्यासारखी होते, जून-जुलैत तर हे हमखास, कारण हवेतच एवढी दमटी की ड्रेसिंग आतून बाहेरून ओलं. आणि तिसरं, डॉक्टरला जखम किती खोल आहे तेच दिसत नाही. भाजल्यावर पहिल्या दिवशीच चांदीचं क्रीम फासून बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, गेलात तर तिथे आधी सगळं धुवून काढावं लागतं, पेशंटला दुखतं ते वेगळंच, आणि जखमेचा रंग बदललेला असल्यामुळे खोली ओळखायला त्रास. म्हणून मोठं भाजलेलं असेल, हॉस्पिटलला जाणारच असाल, तर काही न लावता जा.

"पण मग किती दिवस लावायचं?" हा प्रश्न कोणी विचारतच नाही, हेच दुखणं आहे. चांदी जंतू मारते तशी नवीन येणाऱ्या कातडीच्या पेशींनाही थोडी त्रासदायक असते, त्यामुळे जखम स्वच्छ झाल्यावरही चालू ठेवली तर भरणं लांबतं. कोक्रेन म्हणून औषधोपचारांचे अभ्यास तपासणारी एक संस्था आहे, त्यांनी भाजल्याच्या ड्रेसिंगवरचे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले त्यात पण वरवरच्या आणि मध्यम खोलीच्या भाजण्यात हे क्रीम दुसऱ्या ड्रेसिंगपेक्षा हळू पडतं असंच दिसलं. म्हणून आता बरेच डॉक्टर साध्या, स्वच्छ, लहान भाजण्याला हे देतच नाहीत, व्हॅसलिनची जाळीदार पट्टी लावतात नाहीतर दुसरं ओलसर राहणारं ड्रेसिंग, जे रोज काढावं पण लागत नाही. माझं मत विचाराल तर सायलेन्सरचा लहान डाग, गरम तव्याचा चटका, इस्त्रीची रेघ, ह्याला चांदीचं क्रीम लागतच नाही. लावलं म्हणून आकाश कोसळत नाही, पण दोन आठवडे लावायची गरज नक्कीच नाही. जखम गुलाबी झाली, पाझर कमी झाला, वास नाही, तर डॉक्टरला विचारून बंद करा आणि साध्या न चिकटणाऱ्या पट्टीवर या. क्रीम डॉक्टरने लिहून दिलं असेल तर "किती दिवस" हे चिठ्ठीवरच लिहून घ्या, नाहीतर घरचे लोक ट्यूब संपेपर्यंत लावतात, मग दुसरी आणतात.

ड्रेसिंग बदलायची पद्धत जरा नीट लिहिते, कारण अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात. दुखत असेल तर ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी वयाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्या. साबणाने हात धुवा, नखं कापलेली असू देत, अंगठी-बांगडी काढा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, नवीन आलेली कातडी तिच्याबरोबर निघून येते आणि मग म्हणायचं जखम भरत नाही. पाण्याने भिजवा, सुटेपर्यंत थांबा. आधीचं क्रीम पूर्ण निघालं पाहिजे, पण घासून नाही. उकळून थंड केलेलं पाणी हळू हळू ओतत ओल्या गॉझने पुसायचं, लहान जखम असेल तर नळाचं पिण्याचं स्वच्छ पाणीही चालतं, विहिरीचं उकळल्याशिवाय नको. कापूस वापरू नका, धागे आत राहतात. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघायला बरा वाटतो पण तो चांगल्या पेशी पण जाळतो. मग कडेची कातडी टिपून कोरडी करा, जखम नाही, कड.

क्रीम ट्यूबमधून थेट जखमेवर पिळायचं नाही, ट्यूबचं तोंड जखमेला लागलं की ती ट्यूब जंतूंचं घर झाली. स्वच्छ गॉझवर काढा, गॉझवरच पसरा, मग तो गॉझ जखमेवर ठेवा, पेशंटला पण कमी झोंबतं. जाडी साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याएवढी. आमच्याकडे लोक बोटभर थापतात, "जास्त लावलं की लवकर बरं" म्हणून, आणि मग ते वितळून कडेने वाहतं, कडेची कातडी कुजल्यासारखी होते. क्रीम फक्त जखमेवर, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर नाही. दिवसातून एकदा, डॉक्टरने सांगितलं असेल तर दोनदा, आणि मध्ये घामाने किंवा अंघोळीने निघून गेलं तर परत. बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा, मध्ये गॉझ ठेवा, दोन बोटं एकत्र बांधली तर जखमा एकमेकीला चिकटू शकतात. बांधताना घट्ट आवळू नका. पट्टीखाली बोटं थंड, निळसर, मुंग्या आलेली वाटली तर लगेच सोडा.

पावसाळ्यात ड्रेसिंग ओलं झालं तर ते त्याच दिवशी बदलायचं, उद्याची वाट बघत बसायचं नाही. प्लास्टिकची पिशवी बांधून दिवसभर फिरणाऱ्यांचं पण तेच होतं, बाहेरचा पाऊस अडतो पण आतला घाम कोंडतो. पिशवी अंघोळीपुरती, नंतर काढा. शेतात चिखलात, नाहीतर नदीवर, खाडीवर मासे धरायला तर जखम घेऊन अजिबात जाऊ नका.

पुढची तक्रार, "काळं पडलं." कधी क्रीम काळं पडतं, कधी कातडी. चांदी उजेडात काळवंडते, म्हणून ट्यूब उघडी ठेवली, खिडकीत ठेवली, की वरचा भाग राखाडी-तपकिरी होतो. रंग बदललेलं क्रीम वापरू नका, टाका. पट्टीवर किंवा चादरीवर काळपट डाग पडले तर घाबरू नका, ती चांदीच. कातडीचं मात्र बघावं लागतं. क्रीम लावून उन्हात बसलात तर ती जागा राखाडी-निळसर होऊ शकते, आणि मोठ्या भागावर महिनोन्महिने वापरलं तर तो रंग कायमचा राहू शकतो. म्हणून चेहऱ्यावर हे क्रीम डॉक्टरने सांगितल्याशिवाय नको, आणि डोळ्याजवळ तर नकोच. बीचवर काम करणारी पोरं, शॅकमधली, हातावर भाजल्यावर क्रीम लावून उघडा हात घेऊन दिवसभर उन्हात असतात, त्यांना मी दर वेळी सांगते, झाकून ठेवा रे बाबांनो. आणि उन्हाने कातडी लाल झाली, सोलली, त्याच्यावर चांदीचं क्रीम हे कामाचं नाही. तिथे थंड पाणी, सावली आणि साधं मॉइश्चरायझर.

लावल्यावर दोन-चार मिनिटं थोडं झोंबलं तर चालतं. पण जखमेच्या बाहेरच्या चांगल्या कातडीवर खाज, बारीक पुरळ, लाल चट्टे आले तर ते सल्फाची ऍलर्जी असू शकते. क्रीम धुवून काढा, परत लावू नका. अंगभर पुरळ आलं, ओठ-तोंड सुजलं, तोंडात किंवा डोळ्यात फोड आले, श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न बघता हॉस्पिटल. ज्यांना आधी कोट्रायमोक्साझोल किंवा दुसऱ्या सल्फा गोळीने पुरळ आलं होतं त्यांनी हे सुरुवातीलाच सांगायचं. बरेच लोक म्हणतात "मला गोळीची ऍलर्जी आहे, क्रीमची नाही," पण जखमेतून औषध रक्तात जातंच, मोठी जखम असेल तर बरंच जातं.

त्याच कारणाने काही लोकांनी हे वापरायचंच नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, आणि दिवस भरत आलेली गरोदर बाई. सल्फा रक्तातल्या बिलिरुबिनला प्रथिनावरून सुटं करतं, ते बाळाच्या मेंदूत जाऊन बसू शकतं, कावीळ झालेल्या बाळाला तर धोका जास्तच. तान्ह्या बाळाच्या आईने पण डॉक्टरला विचारून. जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाईमची कमतरता असलेल्यांना रक्तपेशी फुटायचा धोका असतो, घरात कोणाला ती असल्याचं माहीत असेल तर सांगा. किडनी, लिव्हर खराब असेल तरी सांगा. मोठ्या भागावर लावताना पहिल्या दोन-चार दिवसांत पांढऱ्या पेशी कमी होतात कधी कधी, बहुतेक आपोआप ठीक होतात, पण म्हणूनच तसले पेशंट हॉस्पिटलमध्ये, रक्त तपासत.

आता ज्या जखमांवर हे क्रीम म्हणजे नुसता वेळ घालवणं आहे त्या. काजूच्या टरफलाचं तेल. हे भाजणं आगीचं नसून तेलातल्या आम्लाचं असतं, कातडी तपकिरी होते, फोड येतात, आणि तो हात चेहऱ्याला लागला की तिथे पण. आधी साबण लावून भरपूर पाण्याने धुवा, कपडे बदला, फोड मोठे असतील तर दाखवा. बॅटरीचं ऍसिड, टॉयलेट साफ करायचं ऍसिड, चुना ह्याचंही तेच, कोरडी पावडर असेल तर आधी झटकून मग पाणी, निदान वीस मिनिटं, डोळ्यात गेलं तर धूत धूतच हॉस्पिटलला. विजेचा शॉक बसला आणि बोटाला एवढासा डाग दिसतोय म्हणून क्रीम लावून सोडून देणारे आहेत, बाहेर एवढंसं आणि आत खोलवर स्नायू जळलेला असू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, शॉकला कायम हॉस्पिटल. जेलीफिशने डसलं तर तो विषाचा त्रास, तिथे चांदी काय करणार. माशाचा काटा खोल रुतला, कालवं काढताना पाय कापला, तर खाऱ्या पाण्यातले जंतू वेगळे आणि वेगाने पसरणारे असतात, वर क्रीम लावून दोन दिवस थांबायचं नाही. कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं साबण-पाणी आणि थेट रेबीजची लस, क्रीम विसरा.

आणि शुगरवाले. पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात बुडवून बसतात, पायाला जाणीव नाही, पाणी किती गरम आहे कळत नाही, भाजून फोड आला तरी कळत नाही. घरातलं कोणीतरी चार दिवसांनी पाहतं. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची कुठलीही जखम घरी क्रीमवर ठेवायची नाही, लहान असली तरी. ह्यात मी कोणाचं ऐकत नाही. काकी रागावतात, "नुसतं क्रीम दे गो, पोराला कामावरून सुटी मिळत नाही, मला कोण नेणार," तरी ट्यूब देताना आधी दाखवायला लावते.

एकाच जखमेवर चार गोष्टी लावायची सवय पण आहे आपल्याकडे. सकाळी पोव्हिडोन आयोडिन, रात्री चांदी. ह्यात आयोडिन आणि चांदी एकमेकांना निकामी करतात, दोन्हीचे पैसे वाया. मेलेली कातडी काढायला डॉक्टरने एन्झाईमवालं मलम दिलं असेल तर त्याचंही काम चांदी बिघडवते. स्टेरॉईड मिसळलेली ती पांढरी खाजेची क्रीमं तर भाजलेल्यावर अजिबात नको. आणि घरगुती टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस, अंड्याचा पांढरा भाग, भट्टीवरची माणसं तर फेणीच ओततात वर, ह्या सगळ्याचं काय करायचं? काही नाही. पाणी. भाजल्याबरोबर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून, कारण वीस मिनिटं खूप लांब वाटतात आणि लोक दोन मिनिटांत हात बाहेर काढतात. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बर्फ नको, फ्रीजचं पाणी नको. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवर पाणी, बाकी अंग उबदार ठेवा. सूज यायच्या आत अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. मग स्वच्छ ओलसर कापड नाहीतर जेवण झाकायची ती पातळ पारदर्शक प्लास्टिकची फिल्म सैलसर वर ठेवा. फोड फोडू नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा, पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर घ्या.

ट्यूबऐवजी क्रीमचा डबा आणलेला असेल तर एका डब्याला एकच पेशंट, आत बोट घालायचं नाही, स्वच्छ चमचा उकळून घ्यायचा. मागच्या वर्षीच्या चवथीची अर्धी उरलेली ट्यूब कपाटातून काढू नका, उघडल्याची तारीख वर पेनने लिहायची सवय लावा. उन्हापासून लांब, गरम गॅसजवळ नाही, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.

जखम पूर्ण बंद झाली, वर कातडी आली, की क्रीमचं काम संपलं. त्यानंतर खाज येते, कोरडं पडतं, तेव्हा साधं मॉइश्चरायझर नाहीतर खोबरेल हलक्या हाताने चोळा, दिवसातून दोन-तीनदा, आणि त्या जागेला बरेच महिने ऊन लागू देऊ नका.

आता दाखवायचं कधी. पेशंटच्या स्वतःच्या हाताचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, त्याच्यापेक्षा मोठं भाजलं असेल तर दाखवा. चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा, लघवीची जागा, हाताला किंवा पायाला गोल वेढा घालून भाजलेलं, ह्यात आकार न बघता दाखवा. जखम पांढरी, चामड्यासारखी, काळी आणि दुखतच नाही, तर ती चांगली गोष्ट नाही, खोल आहे, नसा जळल्यात. पाच वर्षांच्या आतलं मूल, साठीच्या पुढची माणसं, गरोदर बाई, शुगर. बंद खोलीत धुरात अडकलेला, आवाज बसलेला, नाकातले केस जळलेले, तर १०८ ला फोन आणि थेट बांबोळी. लहान भाजण्याला जवळचं पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, किंवा म्हापशाचं, मडगावचं जिल्हा हॉस्पिटल पुरतं, तिथून गरज वाटली तर तेच गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्याच गोवा मेडिकल कॉलेजच्या, प्लास्टिक सर्जरीला पाठवतात.

लहान मुलांचं एक वेगळं सांगते, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. चहा सांडून अगदी थोडं भाजलेलं, जखम पण चांगली दिसतेय, आणि दोन-तीन दिवसांनी मुलाला जोरात ताप, उलटी-जुलाब, अंगावर पुरळ, मूल सुस्त. जखम बरी दिसतेय म्हणून आई-वडील पोटाचं औषध देत बसतात. जंतूच्या विषामुळे असं होऊ शकतं आणि ते तासातासाने बिघडतं, रात्र असली तरी न्यायचं, आणि तिथे पोचल्यावर भाजलंय हे आधी सांगायचं, नाहीतर पट्टीच्या आत कोणी बघणार नाही.

बाकी मोठ्यांचं, दोन आठवडे होत आले आणि जखम अजून उघडी आहे, तर तिसरी ट्यूब घेऊ नका, दाखवा. तीन आठवड्यांच्या पुढे भरलेली जखम जाड, ओढलेला व्रण ठेवून जाते, सांध्यावर असेल तर सांधा वळत नाही, आणि काहींना कातडी बसवावी लागते, ते वेळेत ठरलेलं बरं. जाताना वापरत असलेली ट्यूब आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, त्या सकाळी क्रीम लावू नका, नुसता ओलसर गॉझ ठेवा, आणि पहिल्या दिवसापासूनचे मोबाईलमधले फोटो डिलीट केले नसतील तर तेही दाखवा.